श्रावणातली आडवी दाढ

“पोथीपुढं बसलीस की मधी उठायचं न्हाई, पाणी मागायचं न्हाई, आन् काय बी झालं तरी खंड पडू द्यायचा न्हाई.”

असं अंबूबाईंनी सुनेला बजावलं होतं. सासूबाईंचा स्वर मुळातच असा, की त्यांनी मीठ मागितलं तरी हुकूम वाटावा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण राणीवहिनी दर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथीची गाठ सोडायच्या आधी हे वाक्य मनात म्हणत आणि मगच चष्मा चढवत.

रहिमतपुरातल्या त्या आळीत श्रावणाची पोथी म्हणजे राणीवहिनी, हे ठरून गेलेलं होतं. प्रतिपदेला सुरुवात, अमावास्येला समाप्ती, रोज दिवेलागणीला एक अध्याय. आवाज बारीक, म्हणून भोंगा लावत. पण शब्द कसे निवडून ठेवलेल्या तांदळासारखे स्वच्छ. एरवी वर्षभर वहिनींचं ऐकतं कोण? घरात नवऱ्याचं, सुभेदारांचं चाले आणि आळीत लालासाहेबांचं. श्रावणातली ती घटकाभर मात्र सगळी आळी त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. त्या वाचत देवाची सेवा म्हणूनच. पण समाप्तीचा अध्याय संपला की ओटी भरतात, नारळ देतात, वयानं मोठ्या बायकासुद्धा पायांना हात लावतात, तेव्हा पोटात जे गोड गोड वाटतं ते सगळंच्या सगळं देवाला पोचतं, असं काही म्हणता यायचं नाही.

आणि नेमक्या याच तोंडात, आषाढ सरता सरता, डाव्या बाजूला अगदी मागे ठणका सुरू झाला.

वहिनींनी कुणाला सांगितलं नाही. पण गालानं सांगितलं. लालासाहेब म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आणि देवळाचे पंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून उतारू समजूनच बघायचे. ते ओट्यावरून म्हणाले, “वैनी, गालात लिंबू धरलंय का?”

झालं. संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येक घरातून एकेक उपाय आला. कुणी लवंग दिली, कुणी हिंग, कुणी तुरटी, कुणी कापूर. कुणाचंच मन मोडायचं नाही हा वहिनींचा स्वभाव, त्यामुळे हे सगळे उपाय त्यांच्या तोंडात एकमेकांना भेटले. तोंडाला निम्मा देवघराचा आणि निम्मा लोणच्याच्या बरणीचा वास येऊ लागला. ठणका होता तिथंच राहिला.

“शिराळ्यात माझा साडू हाय,” लालासाहेब सुभेदारांना म्हणाले. “त्याच्या वळखीचा एक जण दाढंवर मंतर टाकतो. दाढ जागची हालत न्हाई बगा मग.”

सुभेदार मानसिंग फौजेतून आलेले. प्रत्येक गोष्टीचा नकाशा केल्याशिवाय त्यांना पटत नसे. “आवं, हालत न्हाई म्हंजे? आपल्याला ती भाईर काढायची हाय का तिथंच भरती करायची हाय?”

शेवटी गावातल्या दातांच्या डॉक्टरनं जबड्याचा फोटो काढला. खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या. त्यातली डावी शेजारच्या दाढेला डोकं टेकून निवांत झोपलेली, वर हिरडीचं पांघरूण. डॉक्टर म्हणाला, “ही ओढून निघणार नाही. हिरडी चिरून, थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढावी लागेल. जबड्याच्या सर्जनचं काम आहे. त्याआधी सूज उतरू दे.” सुभेदारांनी फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “दुश्मन लेटून बसलाय.”

ही बातमी घरी पोचायच्या आधी आळीत पोचली. पलीकडच्या घरातल्या लीलाबाई नळावर म्हणाल्या, “चांगलं हाय की. सुभेदारांच्या मंडळींना या वयात अक्कल फुटतीय. आडवी का हुईना.”

या लीलाबाईंविषयी सांगायला हवं. बचत गटाच्या अध्यक्ष, आवाज असा की भोंग्यानंच लाजावं. पोथी वाचायची त्यांना फार हौस. दर श्रावणात त्या एकदा तरी विचारत, “वैनी, थकला तर सांगा हां,” आणि दर श्रावणात वहिनी हसून म्हणत, “बरं.” थकायचा मात्र त्यांचा विचार नसे.

श्रावण लागला. सुजेवरच्या गोळ्या दोन वेळा, जेवणानंतर घ्यायच्या होत्या आणि वहिनी श्रावणभर एकभुक्त. म्हणजे गोळ्या दोन आणि जेवण एक. त्यांनी देवळातल्या तानाजी गुरवाला विचारलं. तो म्हणाला, औषधाला दोष नाही. “आणि औषधाच्या आधीच्या भाकरीला?” त्यावर तानाजीनं समईत तेल घातलं. वहिनींनी मग दुसरी गोळी उपाशीपोटीच घेतली. ठणक्याच्या जोडीला छातीत जळजळ आली. दिवसभर त्या ओसरीतून परसात आणि परसातून ओसरीत फेऱ्या मारायच्या. बसलं की दाढ आठवे, चाललं की छाती. सुभेदार म्हणाले, “अगं, गस्त घालतीस का काय?” संध्याकाळी मात्र गालाला हात न लावता त्यांनी अध्याय वाचला. खंड नाही. रोज एक दिवस असाच ढकलायचा होता, अमावास्येपर्यंत.

माजी सैनिकांच्या दवाखान्यातून ऑपरेशनची चिठ्ठी आणायला साताऱ्याला जायचं ठरलं, तो निघाला पहिला सोमवार. आणि श्रावणी सोमवारी वहिनींचं मौन असतं. सूर्य उगवला की तोंड बंद, ते दिवेलागणीला पोथीनंच उघडायचं.

खिडकीतल्या बाईंनी कार्डावरचा फोटो पाहिला, वहिनींकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. “हा फोटो यांचा नाही वाटत.”

“सूज हाय गालाला,” सुभेदार म्हणाले. “उजवी बाजू बगा. उजवीकडनं त्याच हायत.”

“मावशी, तुमचं नाव सांगा.”

मावशी गप्प.

“बोलता येत नाही का त्यांना?”

“येतं की. आज बोलत न्हाईत.”

“का?”

“सोमवार हाय.”

“सोमवार आमचा पण आहे. आम्ही बोलतोय ना?”

मागं रांगेतले दोन निवृत्त हवालदार हसले. वहिनींनी मान खाली घातली. मग त्यांनी पदरानं डावा गाल झाकला, उरलेला चेहरा खिडकीपुढं धरला आणि फोटोत हसल्या होत्या तशा हसल्या. आयुष्यात इतकं लाजिरवाणं हसू त्या कधी हसल्या नव्हत्या. पण चिठ्ठी मिळाली. सांगलीचे जबड्याचे सर्जन डॉक्टर जयराज यांच्या नावावर.

दोन दिवसांनी सांगलीच्या दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला. तारीख मिळाली होती नागपंचमीची.

“त्या दिवशी नको,” वहिनी फोनवर हळूच म्हणाल्या.

“का हो? पाहुणे आहेत?”

“नागपंचमीला कापत नाहीत, चिरत नाहीत, खणत नाहीत. मी विळीला हात लावत नाही, तवा चढवत नाही. आणि तुम्ही हिरडी चिरणार, हाड खणणार.”

पलीकडे त्या मुलीनं कुणाला तरी काहीतरी विचारलं, आणि मागून पुरुषाचा खोकल्यासारखा आवाज आला; खोकला नसावा तो. “मावशी, मग एकदम सोमवारच आहे. सकाळी.”

“सोमवारी तू बोलत न्हाईस,” सुभेदार म्हणाले.

“दाढ काढायला बोलायचं काय असतं?” वहिनी म्हणाल्या.

माणूस एखादं वाक्य असं सहज बोलून जातो, आणि मग ते वाक्य महिनाभर त्याच्या पाठोपाठ हिंडतं.

ऑपरेशनच्या संध्याकाळचा अध्याय तानाजी गुरव वाचणार, असं ठरलं होतं. सोमवारी उजाडता उजाडता त्याचा निरोप आला: मेव्हण्याला फलटणला दवाखान्यात नेलंय, आज परत यायचं काही खरं नाही. वहिनी दारात उभ्या. सूर्य उगवून गेलेला. सुभेदार कोपऱ्यावर स्कूटरला लाथा मारत होते, आणि स्टेशनात सांगलीकडची गाडी यायची वेळ झालेली. वहिनी उंबऱ्यातून अंगणात आल्या, अंगणातून उंबऱ्यात गेल्या. खंड पडणार होता. अंबूबाईंपासून चालत आलेल्या पोथीला एका दाढेपायी खंड.

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन लीलाबाई आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांना नेहमीच सगळं ठाऊक असे.

“वैनी, काळजी करू नका. आज मी वाचते. उद्या बी वाचते. तुमचं तोंड उघडंस्तवर रोज वाचते, एक दिस चुकवायची न्हाई.” मग किटली खाली ठेवून त्यांनी आवाज बारीक केला. त्यांचा बारीक आवाज वहिनींनी पहिल्यांदाच ऐकला. “पर समाप्तीचा अध्याय मला द्यायचा. लय वर्सं मनात हाय. कबूल का?”

स्कूटर सुरू झाली. सुभेदारांनी हॉर्न वाजवला.

वहिनींनी मान हलवली. एकदाच, पण खालपर्यंत.

सांगलीत डॉक्टर जयराज यांनी पहिला प्रश्न विचारला, “नाश्ता झालाय ना?”

“निर्जळी हाय, सर,” सुभेदार अभिमानानं म्हणाले. “ऑपरेशन म्हणून पाणी बी दिलं न्हाई.”

डॉक्टर तरुण होते, पण कपाळाला हात लावण्याची त्यांची रीत म्हाताऱ्या माणसाची होती. “अहो, भूल फक्त जबड्याला देणार. रिकाम्या पोटी खुर्चीत बसल्या तर भोवळ येईल. आधी खायला घाला.”

मग सुभेदार सांगलीच्या पेठेत साबुदाण्याच्या खिचडीच्या शोधात निघाले. चौकशी केली तिथं तिथं मिसळ मिळत होती. अखेर खिचडी मिळाली, केळी मिळाली, राजगिऱ्याचे लाडू मिळाले. आणि बायकोनं लाडू दुखऱ्या बाजूनं खायचा की बऱ्या, यावर बाकावर बसल्या बसल्या खुणांनी भांडण झालं.

परत आल्यावर डॉक्टरांनी फोटो लावला. “दोन्ही बाजूंना आडव्या आहेत. आज एकच काढू. दुखते कुठली?”

वहिनींनी डाव्या गालाकडे बोट केलं.

“उजवी, सर,” सुभेदार म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं.

“मी रोज समोरनं बघतोय,” सुभेदार समोर उभे राहून, आपला उजवा हात सरळ पुढे करून म्हणाले. “ह्या बाजूला सुजतं.”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तर काम होत होतं. इतक्या वर्षांचं सोमवारचं मौन एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला चांगली निवांत पडलेली उजवी दाढ. त्यांनी डॉक्टरांचं बोट धरलं आणि सरळ आपल्या गालावर, दुखतं तिथं, दाबलं. दुखलं तेव्हा डोळेच बोलले.

“डावी,” डॉक्टर म्हणाले. जांभळ्या शाईच्या पेनानं त्यांनी तिथं भली मोठी टिकली काढली आणि सुभेदारांना अदबीनं बाहेर बसवलं. “मावशी, दुखलं तर ‘आ’ म्हणा.” मग आठवण होऊन म्हणाले, “नाही, हात वर करा.”

सुया झाल्या, ओठ बधिर झाला, गाल दुसऱ्याच कुणाचा वाटू लागला. मग डोक्याच्या आत पिठाची गिरणी सुरू झाली. वहिनींनी डोळे मिटून नाम घेतलं. गिरणी थांबली की नाम पुढे, गिरणी सुरू झाली की नाम जोरात. दुखत काहीच नव्हतं, नुसता आवाज आणि ढकलाढकल. अखेर दाढेचा शेवटचा तुकडा ताटलीत पडल्याचा आवाज आला, आणि वहिनींनी भक्तिभावानं दोन्ही हात जोडून वर केले. डॉक्टरांना वाटलं, दुखलं. त्यांनी टाके घालायच्या आधी आणखी एक सुई दिली. त्या नमस्कारापायी ओठ रात्र पडेपर्यंत बधिर राहिला.

“कापूस तासभर दाबून धरायचा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. गार आणि मऊ खायचं. आइस्क्रीम चालेल.”

“उपासाला चालतंय,” सुभेदारांनी तिथंच निकाल दिला. सांगलीच्या स्टेशनावर, श्रावणी सोमवारी, गालावर जांभळी टिकली लावलेल्या राणीवहिनी चमच्यानं आइस्क्रीम खात बसल्या. ओठ बधिर असल्यामुळे त्यातलं निम्मं हनुवटीवर आलं. त्याच फलाटावर त्यांच्या आळीतली माणसं भेटणार नाहीत, असं मानायला काही कारण नव्हतं. भेटली.

दिवेलागणीला त्या घरी अंथरुणावर होत्या. भोंगा खरखरला. नेहमीप्रमाणे मौन सुटायची वेळ झाली. पण पोथी देवळात होती आणि तोंड एक बोटसुद्धा उघडत नव्हतं. लीलाबाईंचा आवाज आला.

वहिनी उठून बसल्या. लीलाबाई गाडी चुकेल अशा घाईनं वाचत होत्या. जिथं थांबायचं तिथं पळत होत्या, जिथं पळायचं तिथं खोकत होत्या. वहिनी चुकलेला प्रत्येक शब्द मनात दुरुस्त करीत होत्या आणि त्या दुरुस्तीनं जबडा ठणकत होता. चार ओव्या झाल्या की लीलाबाई पोथी सोडून बोलायच्या, “म्हंजे बायांनो, काय झालं ठावं हाय का? ह्या राजाला कुणी इचारलंच न्हाई. आपल्या घरात न्हाई का हुत तसं?” आणि देवळात हशा.

देवळात, पोथीला, हशा. वहिनींनी उशी कानावर धरली. मग काढली, कारण पुढं काय म्हणतात ते ऐकायचं होतं.

सूज उतरली, टाके निघाले, तरी तोंड उघडेना. डॉक्टर फोनवर म्हणाले, “होतं असं. शेकायचं आणि बोटं घालून व्यायाम करायचा. तीन बोटं मावली की झालं.” सुभेदारांना आयुष्यात पुन्हा एकदा कवायत घ्यायला मिळाली. सकाळ-संध्याकाळ ओसरीत त्यांचा आवाज घुमे, “एक, खोलो. दो, बंद.” पुण्याहून लेक सृष्टी व्हिडिओवर म्हणे, “आई, फोन जवळ आण, आत बघू दे.” एकदा वहिनींनी तोंड उघडून फोन जवळ आणला तेव्हा सृष्टीच्या जागी तिच्या सासूबाई होत्या. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. एकीनं तोंड उघडं ठेवून.

दीड बोट झालं. दोन झाली. दरम्यान भोंगा रोज वाजत होता आणि वहिनींना एक गोष्ट खुपायला लागली होती. देवळाकडे जाणाऱ्या चपलांचा आवाज वाढला होता. ज्या सुना कधी फिरकत नव्हत्या, त्या मालिका सोडून पोथीला जाऊ लागल्या होत्या. एकीनं तर अंगणात येऊन प्रेमानं सांगितलं, “काकू, इतकी वर्सं ऐकत हुते, पर आता कळाय लागलं बगा.” वहिनींनी तिला साखर दिली. ती गेल्यावर परसात बऱ्याच फेऱ्या मारल्या.

अमावास्येच्या दुपारी तीन बोटं मावली. सुभेदारांनी स्वतः मोजून घेतली आणि तशीच लालासाहेबांना खबर दिली. लालासाहेब पोथीच घेऊन आले.

“वैनी, समाप्ती तुमीच वाचायची. पंचांचं ठरलं. ती लीलाबाई म्हणती, तुमी कबूल केलंय. म्हणलं, कवा? तर म्हणती, सोमवारी. आता सोमवारी तुमी बोलतच न्हाई हे सगळ्या गावाला ठावं. म्हंजे ती धादांत खोटं बोलती. नळावर सांगून आलोय मी तसं.”

“कुणी बघितलं बी न्हाई,” सुभेदार म्हणाले. “मी स्कूटरपाशी हुतो.”

वहिनींना बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी समाप्ती त्यांची होत होती, आणि गप्प राहण्यात त्यांचा हात कोण धरणार?

“मान हलवली होती मी,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, बारीक.

“मान काय,” लालासाहेब म्हणाले, “ठणक्यानं बी हालती. गाडीची घाई, दाढ सुजलेली. देव काय तेवढं धरून बसत न्हाई.”

“फौजेत बी हुकूम दोनदा इचारून घेत्यात,” सुभेदार म्हणाले. “तिनं एकदाच इचारलं.”

पोथी पाटावर ठेवून दोघं पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. नळावर आता बायका लीलाबाईंकडे बघून काय म्हणत असतील, ते वहिनींना इथं ऐकू येत होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. पोह्यांचा डबा उघडून बंद केला. देवघरात आल्या. पोथीची गाठ सोडून शेवटचा अध्याय काढला आणि पहिली ओवी म्हणून पाहिली, सहज, तोंड चालतं का बघायला. तोंड छान चाललं. आवाज असा लागला की त्यांनाच नवल वाटलं. तीन आठवडे साठून राहिला होता तो. दुसरी ओवी म्हटली असती तर मग थांबणं जमलं नसतं.

इतक्या वर्षांत किती सोमवारी त्यांनी मान हलवून दूध घेतलं होतं, भाजी घेतली होती, पाहुण्यांना थांबवलं होतं, सृष्टीच्या लग्नाचा होकारसुद्धा तसाच दिला होता. त्यातल्या एकाही मानेला कुणी विचारलं नव्हतं की बाई, ही मान ठणक्याची का मनाची?

त्यांनी पोथी मिटली. शेवटच्या अध्यायात मोरपीस ठेवलं आणि जिथं थांबायचं त्या दोन जागी कुंकवाचं बोट हलकेच टेकवलं, म्हणजे घाईत दिसेल. वर लाल फडकं बांधलं, चष्मा मात्र देवघरातच राहू दिला. पुढच्या ओट्यावर लालासाहेब सुभेदारांना शिराळ्याच्या साडूची गोष्ट पुन्हा सांगत होते. वहिनींनी पदर डोक्यावर घेतला, पोथी छातीशी धरली, चपला हातात घेतल्या, आणि परसदाराची कडी आवाज न करता काढून त्या पलीकडच्या, लीलाबाईंच्या घराकडे निघाल्या.